विषयाबाहेरची चिठ्ठी

"विषयाबाहेरच्या चिठ्ठ्या बाजूला काढा, राजलक्ष्मी मॅडम. पाहुण्यांना ट्रॅफिकच्या आधी पूल गाठायचाय," विभागप्रमुख दिनानाथ सर तिच्या कानाशी कुजबुजले आणि पुन्हा पहिल्या रांगेत जाऊन बसले.

राजलक्ष्मीने मान हलवली आणि चिठ्ठ्यांचा डबा टेबलावर उपडा केला. मानसशास्त्राच्या मुलांसाठी विद्यापीठाने ठेवलेला करिअर मार्गदर्शनाचा दिवस. मुलं माइकवर विचारायला लाजतात, म्हणून दरवर्षी प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यायचे, खाली नाव घालायचं नाही, आणि कोणीतरी बसून त्यातले बरे निवडायचे अशी पद्धत. गेली अकरा वर्षं ते कोणीतरी म्हणजे राजलक्ष्मीच. पहिली दोन-तीन वर्षं तिने ते हौसेने केलं. आता नुसत्या पाट्या टाकणं चाललं होतं. सकाळी सातपासून ती बॅनर, खुर्च्या आणि पाहुण्यांचा बिनसाखरेचा चहा यांच्यामागे धावत होती, आणि तिचे पाय भरून आले होते.

एम.ए.नंतर काय? क्लिनिकलला जागा किती? एचआरमध्ये लगेच नोकरी लागते का? या ठेवल्या. कॅन्टीनचा वडा आतून कच्चा का असतो? ही काढली. तशात एक निघाली. 'सकाळी उठावंसंच वाटत नाही. कशातच काही वाटत नाही. याच्यासाठी काही कोर्स आहे का?'

असेल मागच्या बाकावरचा कोणी टवाळ, असं म्हणून ती थोडी हसलीसुद्धा. चिठ्ठी वड्याच्या चिठ्ठीवर जाऊन पडली.

पाहुणे नावाजलेले समुपदेशक होते. जे बोललं जात नाही ते ऐकायला शिका, असं त्यांनी मुलांना सांगितलं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. हेच वाक्य राजलक्ष्मी दर जूनमध्ये वर्गात सांगायची, त्यामुळे तिला जांभई आली. मग निवडलेल्या चिठ्ठ्या वाचून झाल्या, टाळ्या झाल्या, आणि सूत्रसंचालन करणारी विद्यार्थिनी वैष्णवी आभार मानायला उभी राहिली. टेबल आवरायला हवं म्हणून राजलक्ष्मीने काढलेल्या चिठ्ठ्या केराच्या डब्यात टाकायला घेतल्या.

वड्याची चिठ्ठी सपाट पडून होती. ही मात्र पुन्हा पुन्हा मिटत होती. कोणीतरी ती दुमडून, परत दुमडून, पार चिंचोक्याएवढी केली होती. थट्टेची चिठ्ठी कोणी अशी मिटत नाही. टवाळ पोरं ती आधी चौघांना दाखवतात, हसतात आणि एक घडी घालून टाकतात. ती मोठ्याने वाचली जावी हीच तर त्यांची हौस. इथे प्रत्येक अक्षर सुटं काढलं होतं, कोणाचं ते ओळखू येऊ नये म्हणून.

राजलक्ष्मीने ती डब्यात टाकली नाही. एकोणीस वर्षं ती दुसरं काय शिकवत होती? लोका सांगे ब्रह्मज्ञान! उद्यापासून परीक्षेची रजा. चिठ्ठी लिहिणारं लेकरू आता बाकीच्यांसोबत पाचच्या उरणच्या बसने निघून जाणार, ते महिनाभर दिसणार नाही. किंवा... त्या 'किंवा'च्या पुढे जायची तिला भीती वाटली.

ती तडक मंचावर चढली. "वैष्णवी, एक मिनिट दे गं." दिनानाथ सरांनी घड्याळाकडे बघितलं. तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"एक चिठ्ठी वाचायची राहिली," ती माइकवर म्हणाली. "माझ्या चुकीने."

तिने ती वाचली. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. 

"याला कोर्स नाही," ती म्हणाली. तिने चिठ्ठीची घडी बोटांनी सरळ केली. "पण मी आहे. ज्याची ही चिठ्ठी असेल त्याने वर्ग नंबर चौदामध्ये यावं. कितीही वेळ लागू दे. मी बसलेय."

वर्ग चौदामध्ये ती एकटी बसली. खालून पाहुण्यांसोबत सेल्फी काढणाऱ्यांचा गलका येत होता. मग गलकाही पांगला. पाच वाजले, बसने दोनदा हॉर्न दिला आणि ती गेली. वरातीमागून घोडं, दुसरं काय! तिला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. शिपाई सयाजी किल्ल्या घेऊन दारात आला.

"मॅडम, कुलूप लावायचं हाय."

"सयाजीमामा, जरा थांबा. पाया पडते तुमच्या."

तो गोंधळून मागे सरला. थोड्या वेळाने दार वाजलं. दारात वैष्णवी होती. वर्गात पहिली येणारी, सदा हसतमुख, कार्यक्रम कुठलाही असो, सूत्रसंचालन जिच्याकडे, ती वैष्णवी.

"मॅडम," ती म्हणाली. "ती चिठ्ठी माझीये."

राजलक्ष्मीने तिला जवळ घेतलं. तिचे स्वतःचेच डोळे भरून आले. पोरगी सापडली, वेळेवर सापडली, आज याहून जास्त काही नको होतं. तिने वैष्णवीला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि सयाजीला दोन चहा सांगायला ती बाहेर आली.

व्हरांड्यात भिंतीला लागून आठ-नऊ मुलं उभी होती. खांद्याला सॅक, माना खाली, कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"बस गेली की रे! तुम्ही का थांबलात?"

सगळ्यात पुढे संघर्ष नावाचा मुलगा होता. तो सॅकचा पट्टा पिळत राहिला.

"मॅडम, ती चिठ्ठी... माझीये."

त्याच्या मागच्या मुलीने एकदम मान वर केली.

"तुझी कशी?" ती म्हणाली. "सकाळी उठावंसं वाटत नाही ते मला. ती तर माझीये."