मदतीचं यंत्र
परदेशी मदतीतून कृषी विद्यापीठाला माती तपासायचं यंत्र मिळालं. उद्घाटन होताच विभागप्रमुखांनी खोलीला कुलूप ठोकलं. "पाहणीला पाहुणे येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. नवंकोरं दिसलं पाहिजे."

एक शेतकरीण तिसऱ्यांदा मातीची पिशवी घेऊन आली. "बाई, पीक पिवळं पडत चाललंय हो."

प्रयोगशाळेतल्या बाईंना राहवेना. त्यांनी शिपायाकडून किल्ली घेतली आणि आठवडाभरात साठलेल्या सगळ्या पिशव्या तपासून दिल्या.

पाहुणे आले, मातीनं माखलेलं यंत्र पाहून खूश झाले. विभागप्रमुख छाती फुगवून म्हणाले, "आम्ही हे एक दिवसही बंद ठेवत नाही."

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडताच त्यांनी बाईंच्या हातात निलंबनाचा कागद ठेवला.

"सर, कारण काय लिहिलंय?"

"यंत्राचा वापर."