पाटीवाल्याची पाटी

'कै.' कोरायला पाटीवाल्याचा हात धजत नव्हता. सकाळपासून तीनदा पितळेवर मशीनची सुई टेकवली, तीनदा उचलली. शेवटी म्हणाला, राहू दे, बाबांच्या फोटोखाली पाटी नसली म्हणून काय आभाळ कोसळतंय?

शेजारी मित्र पाट्यांना पॉलिश मारत होता. गावभरच्या दारांवर या दुकानातल्या पाट्या. पाटीवाल्याच्या नव्या घराच्या दारावर मात्र अजून खडूनं लिहिलेला नंबर. मित्र त्यावरून रोज टोमणे मारायचा. आज नाही मारले.

आठ महिन्यांपूर्वी बाबा दुकानात आले होते. चष्म्याच्या घरातून घडी घातलेला कागद काढला. दाराला पाटी कर म्हणाले, आणि नावाआधी श्री घालायला विसरू नकोस. बाबा शाळेत शिपाई. उभा जन्म लोकांनी 'ए, इकडे ये' एवढ्यावरच भागवलेलं. म्हातारपणी हौस आली वाटतं, असं पाटीवाल्याच्या मनात आलं. समोर गिऱ्हाइकं उभी. जीभ घसरली.

"श्री देवाच्या नावाआधी लागतं, बाबा. आपलं आपण लावून घ्यायचं नसतं. दुसऱ्यानं लावायचं असतं."

गिऱ्हाइकं हसली. बाबाही हसले.

"तेच तर," ते म्हणाले. "दुसऱ्यानंच लावायचं असतं."

कागद पॉलिशच्या डब्याखाली सरकवून ते निघून गेले. पुन्हा विषय काढला नाही. यानंही कागद उघडला नाही. करू की निवांत, घाई कुठंय. माणूस आहे तोवर श्री, गेल्यावर कै. मधले आठ महिने यानं हसण्यावारी नेले.

"त्यांनी स्वतःचं नाव कसं लिहिलं होतं ते तरी बघू," म्हणत मित्रानं डबा उचलला. घडी उलगडली. वाचलं. मग कागद पाटीवाल्यापुढे धरला.

थरथरतं अक्षर, पण एकेक वळण घोटून काढलेलं. आधी श्री. त्यापुढे पाटीवाल्याचं स्वतःचं नाव. खाली बारीक अक्षरात: माझं नाव घालू नको. घर तुझं आहे.

पाटीवाल्यानं कागद मशीनशेजारी टेकवून ठेवला. मग त्यानं पितळेचा कोरा पत्रा मशीनवर चढवला आणि स्टुलावरून उठला.

"श्री तेवढं तू कोर," तो मित्राला म्हणाला. "दाराला मी लावतो. आजच. शब्द देतो तुला."