नारंगी रुग्ण

चार हजार तीनशे अकराव्या ओळीतला चौकोन पिवळा नव्हता, किंचित नारंगी होता. शैलजाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नारंगीच.

ती ज्या रुग्णालयात नोंदी सांभाळायची, तिथल्या डॉक्टर टिपणिसांनी बावीस वर्षांचे रुग्ण एक्सेलमध्ये रंगवून ठेवले होते. मधुमेह पिवळा, रक्तदाब गुलाबी, दोन्ही असतील तर जांभळा. देशभरच्या मोठ्या अभ्यासाला मात्र रंग नकोत, शब्द हवे होते. शुक्रवारपर्यंत ते गेले नाहीत, तर सरांची सगळी मेहनत बाहेर राहणार होती. रंगांचे शब्द करायला शैलजाला एक दुपार पुरे होती, पण तीन वर्षं सर फाईल नुसती बघू देत होते, हात लावू देत नव्हते.

"सर, नारंगी म्हणजे काय?"

"एवढंही कळत नाही? गुलाबीवर पिवळा चढला असेल."

"सर, ही एक्सेल आहे, रंगपंचमी नाही."

सर स्क्रीनवर वाकले. चष्मा वर केला, खाली केला. "किती आहेत असे?"

"एकोणतीस."

सरांनी खुर्ची मागे सरकवली. "नारंगीवाल्यांचे जुने केसपेपर मी स्वतः उपसतो," ते हळूच म्हणाले. "बाकीच्यांचे तुम्ही शब्द करा, बाई."