चौदा नंबरचा पाना

“आये, चवदा नंबर दी गो.”

होडीच्या इंजिनाखालून येणारा तो आवाज काशीबाईच्या कानात अजून होता. तिच्या लेकाला, सुदेशला, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. तो हात बाहेर काढायचा, ती त्यावर पाना ठेवायची. पुढे तिची दृष्टी गेली. पाने मात्र बोटांच्या ओळखीचे राहिले.

आज तोच पान्यांचा डबा घेऊन ती घरापुढच्या खळ्यात बसली होती. समोर गाडी चिऱ्यांवर चढवलेली.

“खाऱ्या वाऱ्यान सायलेन्सर पार खाल्ल्यान,” सुनेने, भक्तीने, सकाळीच सांगितलं होतं. “पावण्यांका आवाज सोसणा नाय. गॅरेजवालो गाडी ठेवन घेता, मगे धंदो बुडता. ते घराकडेच बदलतले म्हणतत. तुमी नुसते पाने द्या. मी वायच बाजारात जावन येतंय.”

नवऱ्याला ती ‘ते’ म्हणे.

भक्तीची पावलं कुंपणाच्या बेड्याकडे गेली. थोड्या वेळाने गाडीपाशी कुणी गोणपाट ओढला, अंग घासलं, आणि लोखंड वाजू लागलं.

सुदेश आईशी बोलत नसे. बापाची होडी विकून त्याने ही गाडी घेतली, पावण्यांना किनारे दाखवायचा धंदा धरला, तेव्हा काशीबाई म्हणाली होती, “ह्या गाडयेत मी मेल्यार पण बसूचंय नाय.” त्या दिवसापासून अबोला पडला. निरोप असला की भक्तीच्या तोंडून यायचा.

संध्याकाळी सुरूच्या बनापलीकडून फुटक्या सायलेन्सरची घरघर ऐकू आली की काशीबाई पाटावर बसे. भक्तीही कामावरून त्याच गाडीने येई. “ते इले,” ती सांगायची. “मागल्या पडवीत जेवतत. तुमी जेवा.” मग काशीबाईचा घास खाली उतरे.

सुदेशचा म्हणून घरात जो आवाज येई, तो एवढाच. आज तोही जाणार होता. गाडी उद्यापासून मुक्याने येणार. घरात कोण आलं, कोण नाही, हे सांगणारं मग काहीच उरणार नव्हतं.

गाडीखालून जमिनीवर टकटक झाली. कुठला पाना हवा ते काही ऐकू आलं नाही. काशीबाईने बारा नंबर पुढे केला. तो परत आला. मग तेरा. तोही परत आला.

“चवदा घे,” ती म्हणाली. “गंज चढलो तरी ह्या कामाक तोच लागता. इसारलंस?”

डबा चाचपताना तिच्या बोटांना काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं. लोखंडाहून हलकं. तिने ते बोटांत फिरवलं. मग ते तिने ओटीत टाकलं आणि चौदा नंबर शोधून दिला.

बेड्यावरून शेजारच्या जितेंद्रची हाक आली. “काय काशीकाकी, आज गाडयेचो आवाज नाय. नायतर तुमची गाडी पुलार इली की आमचे कोंबडे सांजचेच आरवतत.”

“आजपासून तुझ्या कोंबड्यांका निवांत झोप,” काशीबाई म्हणाली. “झील बसलो हा कामाक.”

“कोण, सुदेश? खंय तो...”

जितेंद्रचं बोलणं मध्येच अडलं. त्याने वाकून पाहिलं असावं. “हां... बरां. करूंदे काम,” तो हळूच म्हणाला आणि चपला ओढत निघून गेला.

नट सुटेना. काशीबाईने खोबरेलाची बाटली अंदाजाने पुढे सरकवली. तेल मुरेपर्यंत तिने बाकीचे पाने डब्यात लावून ठेवले. वाऱ्यावर समुद्र ऐकू येत होता. मग हातोडीचे घाव पडले, आणि जुना सायलेन्सर खडखडत जमिनीवर आला. हात लावताच त्याचे पोपडे सुटले. सगळा पोकळ झाला होता.

काशीबाईने तो मांडीजवळ ओढून घेतला. गाडीखाली नवा चढू लागला.

“होडी इकलंस तेवा माका राग इलो,” ती बोलू लागली. “तुझ्या बापाशीच्या हाताचो वास होतो तिका. पण होडी खंय बोलता? तू बोलत होतंस.”

खाली पाना फिरत राहिला.

“आता गाडयेचो आवाज पण जातलो. माझ्या वाटणीक काय रवला? येक शबूद बोल, झिला. गाळी-शिये घाल व्हयी तर.”

पाना थांबला. गाडीखाली कुणीतरी श्वास कोंडून धरला. मग तो सुटला, तुटत तुटत, ओला.

काशीबाईने तो ऐकला. ती हाताच्या आधाराने पुढे सरकली, गाडीच्या पत्र्याला हात टेकला आणि वाकली. ओटीत हात घालून तिने हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या आणि त्या अंधाराकडे पुढे धरल्या.

“डब्यातली ही काकणां घाल आणि बाहेर ये भक्ती, रडू नको. झिलाक सांगूचा ता तुका सांगलंय. सुदेश शिमग्यापासून घराक येवक नाय, गाडी तूच हाकतंस, ह्या माका पयल्या दिसापासून ठावक आसा. बोललंय तर तू पण बांद्याक म्हायेराक निघान जातलंस, म्हणान मी गप रवलंय.”