प्रवासी : शून्य

“आधी चिलखत,” दत्तोपंत म्हणाले आणि वीसपैकी दहा गुण त्या रकान्यात घालून मोकळे झाले.

समोर चंद्रावरच्या गाडीचा तक्ता होता. वेग, वळण, चिलखत, तोफ, प्रवासी, माल. गुण वीसच. ते कुठे किती घालायचे हे आधी ठरवायचं, मग फासे टाकायचे आणि उरलेलं सगळं मनात घडवायचं, असा हा खेळ. लेक-जावयाच्या अड्यारमधल्या फ्लॅटमध्ये तो रविवारी दुपारी चाले. ऋचानं बापाला आज पहिल्यांदाच बोलावलं होतं. घरात खुर्च्या तीन, म्हणून शेजारच्या कामाक्षी मामींची प्लास्टिकची खुर्ची मागून आणली होती.

दत्तोपंतांची उभी हयात रणगाड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेली होती. लेकीशी काय बोलावं हे त्यांना कधी सुचत नसे. गाडीचा विषय निघाला तशी जीभ सैल सुटली.

“अ‍ॅव्हरेज काय देते?”

“मामा, चंद्रावर पेट्रोल कुठलें?” लावण्या म्हणाली. ती जावयाची धाकटी बहीण; सासऱ्याला मामा म्हणायची त्या घरची रीत. आज ती गाडीच्या तोफेवरची गोलंदाज. चालक दत्तोपंत. या दोघांच्या जागा गाडीबरोबर फुकट. त्यापुढच्या प्रत्येक जागेला दोन गुण.

“मग वेगाला चार पुरे. वळणाला दोन. तोफेला चार. झाले वीस.”

“बाबा, प्रवाशांत शून्य राहिलंय,” ऋचा म्हणाली.

“ते नंतर बघू. आधी गाडी धड परत यायला हवी. तुला काय कळतंय त्यातलं?”

हे ते प्रेमानंच म्हणाले. त्यांच्याकडे प्रेम याच एका आवाजात मिळत असे.

गोष्ट सांगायचं काम जावयाकडे, गिरिधरकडे. त्याच्या घराण्याची मराठी बोली राजांबरोबर तंजावरला आली ती परत गेलीच नाही. त्यामुळे अंतराळातल्या मोहिमाही तो बखरीच्या भाषेत सांगे.

“वैद्यीण ऋचा चंद्राचे तळावर एकली राहिली. श्वासास हवा थोडी. तीस आणावयास मामा व लावण्या गाडी घेऊन निघाले. मार्गीं गनीम.”

गनिमानं तोफा डागल्या. फासे पडत राहिले, चिलखत टिकत राहिलं. दत्तोपंत खुर्चीत पुढे सरकून बसले होते. “बघ,” ते लेकीला म्हणाले, “ओरखडा नाही.” ऋचाही हसली. बऱ्याच दिवसांनी.

“गाडी तळास पोहोंचली,” गिरिधर म्हणाला. मग त्यानं तक्ता पाहिला आणि घसा साफ केला. “आतां वैद्यीणबाई कोठें बसणार, मामा?”

दत्तोपंतांनीही तक्ता पाहिला. “चिलखतातले दोन कमी कर.”

“गाडी निघाली. आतां बदल नाहीं.”

“मालाच्या जागेत?”

“तेथेंही शून्य.”

“रणगाड्यात प्रवासी नसतात हो,” दत्तोपंत कुणाकडेच न बघता म्हणाले. मग त्यांना तोडगा सुचला. “ठीक आहे. ऋचा, तू थांब तिथेच. जागा झाली की नेतो.”

वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना ते ओळखीचं वाटलं.

ऋचा फासा बोटांत फिरवत होती. “साताऱ्याला आत्याकडे सोडलंत तेव्हाही हेच म्हणाला होतात. क्वार्टरमध्ये जागा झाली की नेतो. दहावी झाले मी तिथे.”

“तिथं तू सुरक्षित होतीस, बाळ.”

“होते ना. चिलखत दहा.”

लावण्या कॉफी आणायला उठली. आधीची कॉफी तशीच होती.

“मी उतरतो,” दत्तोपंत म्हणाले. “माझ्या जागी ती बसेल.”

“तीस गाडी चालवितां येत नाहीं, मामा. आपण उतरलांत तर गाडी तेथेंच.”

“मग तेथेच. मी थांबतो तिच्याजवळ.”

“तुम्ही जा, बाबा,” ऋचा म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “आता उतरून काय? हवा एकटीपुरतीच आहे.”

गाडी परत आली. एक ओरखडा नव्हता. नियमाप्रमाणे गिरिधरनं दत्तोपंतांना त्याबद्दल बक्षिसाचे गुण दिले. त्यांनी ते कुठे घालायचे ते विचारलं नाही.

संध्याकाळी ऋचा टेबल आवरू लागली. दत्तोपंतांनी मामींची खुर्ची उचलली आणि दारात थांबले.

“राहू दे बाबा, गिरिधर नेऊन देईल.”

“जाता जाता देतो.” ते तसेच उभे राहिले. “पुढच्या रविवारी लागेल का ही?”

ऋचानं फासे डब्यात टाकले, झाकण लावलं.

“जागा झाली की सांगते.”

मामींच्या दाराला कुलूप होतं. देवळात गेल्या असाव्यात. दत्तोपंतांनी मामींच्या दाराकडे पाठ करून खुर्ची ठेवली आणि लेकीच्या दाराकडे बघत बसून राहिले.