वाफेतला राक्षस

"इथूनच गेलाय," ताई कुजबुजली. "फरशी अजून ओली आहे."

लाँड्रीतली फरशी कधीच कोरडी नसते, पण चिमटीनं ते बोलून दाखवलं नाही. शिकारीच्या वेळी प्रमुखाशी हुज्जत घालायची नाही, असा दोघींचा नियम होता. ताई अकरा वर्षांची, म्हणून प्रमुख. चिमटी सहा वर्षांची, म्हणून बाकीची सगळी फौज. तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. काल राक्षस चावला म्हणे.

दोघी चादरींच्या रांगांत शिरल्या. वरच्या काचेतून येणारं दुपारचं ऊन खाली पोचेपर्यंत वाफेत विरघळून जात होतं. पलीकडे कोणी झोपेत कूस बदलावी तशा चादरी हलत होत्या. आपलेच पाय आपल्याला दिसत नव्हते. ताईच्या हातात कपडे ढवळायचं दांडकं होतं आणि अंगात उद्या घालायचा नवा फ्रॉक. तिला धीर निघाला नव्हता.

राक्षस साधासुधा नव्हता. चार दिवसांत त्यानं ताईच्या ट्रंकेतून मोजे, पांढरा शर्ट आणि निळा स्वेटर पळवला होता, सगळं कोरं करकरीत. उद्या सकाळच्या बसनं ताई दूरच्या शाळेत, वसतिगृहात राहायला जाणार होती. यादीतला एक जरी कपडा कमी असला तर आत घेत नाहीत, असं तिनं ऐकलं होतं. या शाळेसाठी ती वर्षभर जीव तोडून अभ्यास करत होती. आज तिला हा खेळ वाटत नव्हता.

"काका, राक्षस दिसला का हो?" ताईनं विचारलं.

"मघाशी होता की," इस्त्रीवाले काका म्हणाले. "बाह्या चुरगळल्या होत्या बिचाऱ्याच्या. म्हटलं, इस्त्री करून देतो, तर लाजून पळाला."

शेजारी आई धुतलेले कपडे ज्याच्या त्याच्या गठ्ठ्यात टाकत होती. प्रत्येक घराची खूण वेगळी, कपड्याच्या कडेला दोऱ्यानं घातलेली. त्यांच्या स्वतःच्या घराची खूण लाल फुली.

"या टॉवेलवर खूणच नाही," आई वैतागून म्हणाली. "आता हा घरी कसा जायचा?"

चिमटी टॉवेलाकडे बघत राहिली. मग एकदम दाराकडे बोट दाखवून ओरडली, "ताई, तिकडे! शेपूट दिसलं मला!"

पण ताईला फरशीवर लाल दोऱ्याचा तुकडा दिसला होता. थोड्या अंतरावर आणखी एक. दोरे बॉयलरच्या मागे गेले होते. तिथे वेताची मोठी टोपली होती.

"नको ना उघडू," चिमटी म्हणाली. "चावेल."

ताईनं झाकण उचललं. आत मोजे होते, शर्ट होता, स्वेटर होता. चिमटीला जमतील तशा घड्या घातलेल्या. मोज्यांवर लाल फुली, एक पाय लांब, एक आखूड. शर्टावर लाल फुली आणि तिच्याशेजारी रक्ताचा बारीकसा ठिपका. स्वेटरवर एकच रेघ झाली होती. सुई तिथेच लटकत होती.

"परत ठेवणारच होते मी," चिमटी रडवेली झाली. "पण लोकरीतून सुईच जात नाहीये."

ताईला चांगलाच राग यायला हवा होता. तो आला नाही. शाळेचं नाव निघाल्यापासून आज पहिल्यांदाच तिला घर सोडून जाण्याचं वाईट वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

"काय गं, सापडला का राक्षस?" पलीकडून काकांनी हाक दिली.

"नाही!" ताईनं ओरडून सांगितलं.

मग ती दांडकं बाजूला ठेवून फरशीवर बसली. अंगातल्या नव्या फ्रॉकची कड तिनं चिमटीपुढे धरली.

"हा राहिलाय."

चिमटीनं नाक पुसलं आणि सुई उचलली.

"हलू नकोस हं," ती म्हणाली.