पाण्यासारखी साफ

पलंगाखालची पिशवी दोन तासांत दुसऱ्यांदा भरली आणि राधिकाच्या जिवात जीव आला.

"आबा, बघा, लघवी कशी पाण्यासारखी साफ होऊन राहिली," ती म्हणाली. "किडनी चांगली चालू हाय यांची. मग काहून रडायचं?"

मसाजी वाकून पिशवीकडं पाहतच राहिला. जावई अंगद पुसेगावजवळच्या वळणावर मोटरसायकलवरून पडला, त्याला आज दुसरा दिवस. हातापायाला खरचटलंही नव्हतं, सगळा मार डोक्यालाच. छाती मशीनच्या तालावर वरखाली होत होती. हात गरम होता.

साखरा गावचा मसाजी जन्माचा मेंढपाळ. सहा वर्षांपूर्वी तो हिंगोलीबाहेरच्या एका प्रयोगशाळेत मेंढ्या सांभाळायला लागला. मेंदू मेल्यावर रक्तात काय काय बदलतं, ते तिथले डॉक्टर शोधत. मेंढीला भूल द्यायची, मेंदू मारायचा, काळीज मात्र मशीनवर चालू ठेवायचं. दर तासाला रक्त काढायचं काम मसाजीचं. शाळेचं तोंड फारसं पाहिलं नव्हतं, पण बघून बघून गडी तरबेज झाला होता. आधी लघवीचा लोट सुटायचा, अगदी नितळ. मग रक्तातलं मीठ चढायचं. डॉक्टर त्याला सोडियम म्हणत. ते एकशे साठच्या वर गेलं की मसाजी कोणाला न दिसता त्या मेंढीला हात जोडायचा.

नर्स हुमेरा अंगदच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन आली.

"सोडियम किती हाय?" मसाजीनं विचारलं.

तिनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. "एकशे अडुसष्ट," ती हळूच म्हणाली. "मोठे डॉक्टर तपासायला येऊन राहिलेत. तुम्ही बसा, काका."

मसाजी बसला नाही. राधिकानं त्याचा हात धरला. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता, आणि त्याचंच त्याला भय वाटलं.

"तुमी आलात, आता मला घोर न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या दवाखान्यातल्या मेंढ्याबी अशाच मशीनवर असतात न? बाटलीनं दूध पाजून वाढवलेली माझी हरणी लंगडायला लागली, तर तुमीच तिला तिथं नेली. बरी करून सिद्धेश्वर धरणाकडच्या कळपात सोडली. तिला काय दिलं व्हतं, ते या डॉक्टरला सांगा न."

मेंढ्यांचा दवाखाना. घरी तो सहा वर्षं हेच सांगत आला होता. मेंढ्यांच्या जिवावर ज्याच्या पिढ्या जगल्या, त्यानं खरं सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

बाहेर डॉक्टरांच्या बुटांचा आवाज आला. मसाजीनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तो दवाखाना न्हाई, पोरी," तो म्हणाला. "हरणीचं रक्त मीच काढलं. ती उठली न्हाई. तिथली एकबी उठत न्हाई."